रयतेला न विचारलेली तटस्थता

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एका शेजाऱ्याचा मुलगा परवा संगणकावर युद्ध खेळत बसला होता. समोर जगाचा नकाशा, साल १९४२. त्याने हिंदुस्थानचा पश्चिम किनारा मोठा करून पाहिला आणि मान न वळवता मला विचारले, "काका, पोर्तुगाल तटस्थ आहे. तरी गोवा घेतला तर चालेल का?" खेळाच्या नियमांपुरता प्रश्न रास्त होता. पण "कोणाला चालेल?" असे मी उलट विचारले, तेव्हा तो गोंधळला. लिस्बनला चालेल की नाही, लंडनला चालेल की नाही, एवढ्याच दोन शक्यता त्याच्या डोळ्यांपुढे होत्या. तिसरी शक्यता, म्हणजे मडगावच्या, दमणच्या किंवा सिल्व्हासाच्या माणसाला चालेल की नाही, ही त्या नकाशावर कोठेच नव्हती. दोष त्या मुलाचा नव्हे. ज्यांनी तो नकाशा आखला त्यांच्या इतिहासदृष्टीचा तो दोष आहे, आणि त्याविरुद्ध बोलणे समाजवाद्यांचे काम आहे.

हे खेळ आता पोरखेळ राहिलेले नाहीत. 'अॅक्सिस अँड अलाइज' हा पटावरचा खेळ मिल्टन ब्रॅडली कंपनीने १९८४ साली घरोघर पोचवला. स्वीडनमधील पॅराडॉक्स कंपनीच्या 'हार्ट्स ऑफ आयर्न' या संगणकखेळाची चौथी आवृत्ती २०१६ साली आली आणि ती आजही जगभर खेळली जाते. आपल्याकडची पुष्कळ मुले दुसरे महायुद्ध शाळेच्या पुस्तकातून जेवढे शिकतात, त्याहून अधिक या खेळांतून शिकतात. तेव्हा हे खेळ काय शिकवतात, ते तपासलेच पाहिजे.

पहिला धडा असा की तटस्थतेला किंमत असते आणि ती चुकती करता येते. पटावरच्या त्या खेळाच्या मूळ नियमांत तटस्थ प्रदेशात फौज घालायची असेल तर खेळातल्या चलनाचे तीन एकक बँकेत भरायचे. तीन एकक भरले की मार्ग मोकळा. तिथे राहणाऱ्यांनी प्रतिकार करावा अशी तरतूदही त्या नियमांत नाही. १९४० सालावर बेतलेल्या पुढच्या विस्तारित आवृत्तीत अंगोला आणि मोझांबिक हे दोन प्रचंड प्रदेश 'तटस्थ' म्हणून दाखवले आहेत. संगणकाच्या खेळात हीच गोष्ट अधिक सभ्य वेष घेऊन येते. तिथे युद्धाचे 'समर्थन' सिद्ध करावे लागते, त्याला काही दिवस लागतात आणि थोडी 'राजकीय शक्ती' खर्ची पडते. प्रदेश हाती आला की मनुष्यबळ किती, खनिजे किती, कारखाने किती, याचे आकडे समोर येतात. लोक किती नमते घेतात आणि किती विरोध करतात, तेही टक्क्यांत मोजलेले असते. प्रदेशावर कोणता अंमल बसवायचा याची यादी असते आणि त्या यादीत सक्तीची मजुरी हाही एक पर्याय असतो. खेळाडूने बोटाने निवडायचा.

आता मुद्द्याकडे येऊ. 'तटस्थ वसाहत' हा शब्दप्रयोगच मुळात अपलाप आहे. तटस्थ राहायचे की लढायचे हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्याजवळ आहे, तोच तटस्थ असू शकतो. स्वित्झर्लंड तटस्थ होता असे म्हणता येईल. अंगोला तटस्थ होता असे म्हणणे म्हणजे सावकाराच्या खुंटीला बांधलेला बैल शांतताप्रिय आहे असे म्हणणे होय. त्या 'तटस्थ' अंगोलात काय चालले होते, हे पोर्तुगालच्याच वसाहत खात्याचे निरीक्षक हेन्रिके गाल्व्हाव यांनी १९४७ साली आपल्या अहवालात लिहून ठेवले आहे. गावेच्या गावे सक्तीच्या मजुरीत जुंपली जात होती. मोझांबिकमध्ये शेतकऱ्याने कापूस पेरायचा की नाही हे शेतकरी ठरवत नसे, सरकार ठरवत असे. ज्या भूमीवर बळजबरीचा ताबा आधीच आहे तिला 'ताब्यात नसलेली' म्हणून दाखवणे, हे या नकाशाचे पहिले असत्य.

दुसरे असत्य अधिक जवळचे आहे. युरोपात युद्ध पेटले तेव्हा, ३ सप्टेंबर १९३९ रोजी, हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी जाहीर केले. निवडून आलेल्या एकाही प्रतिनिधीला विचारले नाही. त्याच सुमारास सालाझारने पोर्तुगालची तटस्थता जाहीर केली आणि गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली आपोआप तटस्थ झाली. तिथेही एकाही गोमंतकीयाला विचारले नाही. १९३० च्या वसाहत कायद्यान्वये पोर्तुगीज राष्ट्राने वसाहती ताब्यात ठेवाव्यात आणि तेथील लोकांना 'सुसंस्कृत' करावे, असे ऐतिहासिक कार्यच ठरवून टाकलेले होते. ज्यांना सुसंस्कृत करायचे, त्यांना विचारायचे कसले?

बोईसरच्या वाचकाला हे समजावण्यासाठी दूर जावे लागत नाही. गाडीने उत्तरेला निघावे. वाणगाव, डहाणू, घोलवड, उंबरगाव, संजाण अशी स्थानके ओलांडून वापीला उतरावे. एका अंगाला समुद्राकडे दमण, दुसऱ्या अंगाला डोंगराकडे दादरा आणि नगरहवेली. या मुलखात सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना वारली राहत होते. भाषा तीच, देव तेच, भाताचे खाचर तेच. १९४२ साली अलीकडचा वारली 'युद्धमान' होता आणि पलीकडचा वारली 'तटस्थ' होता. नकाशावर एक तांबडा, दुसरा करडा. पण अलीकडच्या वारल्याची लढाई हिटलरशी नव्हती. जमीनदाराच्या शेतात फुकट राबवणाऱ्या वेठीशी होती. मे १९४५ मध्ये, युरोपात विजयाचे नगारे वाजत असताना, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी गावी वारल्यांची परिषद भरली आणि वेठ करणार नाही असे त्यांनी ठरवले. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांनी ते आंदोलन उभे केले. कम्युनिस्टांनी त्या युद्धाला 'लोकयुद्ध' म्हटले तेव्हा आम्ही समाजवाद्यांनी त्यांच्याशी कडाक्याचे भांडण केले होते, आणि ते भांडण योग्यच होते. पण त्या लोकयुद्धाच्या व्याख्येत न बसणाऱ्या लोकांपर्यंत ते पोचले, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. सांगायचे ते एवढेच की खेळाच्या नकाशावर जो प्रदेश 'मित्रराष्ट्रांचा' म्हणून रंगतो, त्यात वेठबिगार होती, आणि जो 'तटस्थ' म्हणून रंगतो, त्यात परक्याचे राज्य होते. दोन्ही रंग खोटे होते.

पालघरमध्ये १४ ऑगस्ट १९४२ रोजी पाच जण ब्रिटिशांच्या गोळ्यांना बळी पडले. आजही त्यांच्या स्मृतीला गाव दरवर्षी वंदन करते. त्या सालच्या ऑगस्टचा महिना खेळात कसा दिसतो? हिंदुस्थान ब्रिटनच्या रंगात आहे आणि त्याच्या नावापुढे मनुष्यबळाचा आकडा आहे. सुमारे २५ लाख हिंदी सैनिक त्या युद्धात होते हे खरेच आहे. पण त्याच मनुष्यबळापैकी पाच माणसे त्या दिवशी त्याच सरकारविरुद्ध पालघरच्या रस्त्यावर उभी राहिली, हे कोणत्या रकान्यात मांडायचे? 'विरोध : इतके टक्के' असे लिहून हुतात्म्यांचा हिशेब होत नाही.

खेळाचे समर्थक म्हणतील, आम्ही इतिहासच दाखवतो, राष्ट्रे अशीच वागली. बरे, इतिहासाकडेच जाऊ, आणि पूर्व तिमोरचे उदाहरण घेऊ. तो प्रदेश पोर्तुगालचा, म्हणून तटस्थ. १७ डिसेंबर १९४१ रोजी डच आणि ऑस्ट्रेलियन फौजा दिली बंदरात उतरल्या. पोर्तुगीज गव्हर्नरने निषेध केला, सालाझारनेही केला. जपान्यांनी येण्याआधी आपण गेलेले बरे, हा त्यामागचा हिशेब. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी फौजा आल्याच. मग डोंगरात ऑस्ट्रेलियन सैनिकांनी छापामार युद्ध केले. त्यांना अन्न, वाटा आणि आसरा तिमोरी शेतकऱ्यांनी दिला. १९४३ च्या आरंभी ते सैनिक माघारी नेण्यात आले. आसरा देणारे मागे राहिले. तिथल्या मृतांचा अंदाज ४० हजारांपासून ७० हजारांपर्यंत दिला जातो. भूक, सूड आणि बाँबवर्षाव यांनी ते मेले. युद्ध संपल्यावर मात्र तो देश मुकाट्याने पोर्तुगालला परत देण्यात आला, कारण कागदावर पोर्तुगाल सर्वकाळ तटस्थच होता! लिस्बनला आपली वसाहत परत मिळाली. तिमोरी माणसाला काय मिळाले? १९७५ साली इंडोनेशियाचे आक्रमण, आणि स्वतःचे राज्य २००२ साली. १९९९ च्या सार्वमतापर्यंत त्याला कोणी विचारलेच नव्हते.

आणि गोवा? मार्मागोवा बंदरात एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स ही तीन जर्मन जहाजे आणि अँफोरा हे इटालियन जहाज युद्ध सुरू झाल्यापासून आसऱ्याला होते. एरेनफेल्सवरून बिनतारी संदेश जातात असा ब्रिटिशांना संशय होता. मार्च १९४३ मध्ये कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतले काही गोरे व्यापारी एका जुनाट बोटीतून आले आणि त्यांनी एरेनफेल्सवर हल्ला केला. जहाजांच्या खलाशांनी आपली जहाजे स्वतःच पेटवून दिली. या प्रकरणावर १९८० साली 'द सी वुल्व्हज' नावाचा चित्रपट निघाला. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन. तटस्थतेचा भंग हे तिथे म्हाताऱ्या वीरांचे साहस झाले. त्या चित्रपटात गोवा म्हणजे मागचा देखावा. बंदरावर हमाली करणारा माणूस त्या युद्धाबद्दल काय म्हणत होता, असे विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही.

परंतु त्या वर्षीची खरी घटना बंदरात घडली नाही, ती कागदावर घडली. ऑगस्ट १९४३ मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात अझोर्स बेटांचा करार झाला. अटलांटिकमधील ती बेटे ब्रिटिशांना विमानतळासाठी हवी होती. त्या बदल्यात पोर्तुगालच्या सर्व वसाहतींवरील सार्वभौमत्वाचा आदर राखण्याचे आश्वासन देण्यात आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या वतीने लिस्बनमधील अधिकारी जॉर्ज केनन यांनीही तसेच आश्वासन दिले. अटलांटिक सनद जाहीर होऊन दोन वर्षे झाली होती. प्रत्येक जनतेला आपले सरकार निवडण्याचा हक्क आहे, असे त्या सनदेत म्हटले होते. दोन वर्षांत त्या हक्काचा भाव काही बेटे इतका ठरला! पटावरचे तीन एकक आणि अझोर्सचे विमानतळ यांत फरक आहे तो फक्त चलनाचा.

या व्यवहारात केवळ परकेच होते असे समजून आपण नामानिराळे होऊ नये. नगरहवेली पोर्तुगीजांच्या हाती गेली कशी? मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचे सांताना नावाचे जहाज पकडले होते. त्याच्या भरपाईपोटी १७७९ च्या तहान्वये १२,००० रुपये वसुलाचा मुलूख पुण्याच्या दरबाराने त्यांना तोडून दिला, आणि १७८३ साली नगरहवेली त्यांच्या ताब्यात गेली. ज्या मराठी सत्तेने चिमाजी अप्पांच्या हाताने १७३९ साली तारापूरचा आणि वसईचा कोट पोर्तुगीजांकडून घेतला, त्याच सत्तेने चाळीस वर्षांनी वारल्यांची गावे एका जहाजाच्या हिशेबात वळती केली. राज्यकर्ता स्वकीय असला म्हणजे रयतेला विचारले जाते, हा भ्रम आपण सोडलेला बरा.

या नकाशाने पुढे आपल्यावरच कसा सूड उगवला पाहा. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावला सभाबंदी मोडली. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगरहवेली मुक्त झाली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सरहद्दीवर गोळ्यांना सामोरे गेले. त्या वर्षांत नानासाहेब गोरे, सेनापती बापट, मधु लिमये यांच्यासारख्यांनी पोर्तुगीजांचा मार आणि तुरुंग सोसला. अखेर डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गेले, तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी भारताने माघार घ्यावी असा ठराव आणला. सात मते बाजूने पडली, चार विरुद्ध. सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने तो ठराव पडला. ज्यांनी १९४१ साली तिमोरमधल्या घुसखोरीला संरक्षण म्हटले, त्यांनीच १९६१ साली मुक्तीला आक्रमण म्हटले. त्यांच्या नकाशावर गोवा हा पोर्तुगालच्या रंगाचा चौकोन होता आणि चौकोनात माणसे नसतात.

एक आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. भारताने तरी गोमंतकीयांना विचारले होते काय? १९६१ च्या डिसेंबरात मतपेट्या मांडल्या नव्हत्या हे खरे. सालाझारने मांडू दिल्या नसत्या, हेही तितकेच खरे. परंतु १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल घेतला गेला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, असा प्रश्न होता. महाराष्ट्रातल्या पुष्कळांना, आमच्यातल्याही पुष्कळांना, विलीनीकरण हवे होते. गोव्याने नको म्हटले. आम्हाला ते रुचले नसेल. पण शतकानुशतके ज्यांच्या वतीने इतरांनी उत्तरे दिली, त्यांनी स्वतः उत्तर दिले तो हा दिवस. विचारण्याची कसोटी हीच आहे की उत्तर आपल्या मनाविरुद्ध आले तरी ते मानावे लागते.

दुसरा आक्षेप असा की हे सारे खेळच तर आहेत. बुद्धिबळात प्यादी मरतात म्हणून कोणी शोक करत नाही. मान्य. पण बुद्धिबळाच्या पटावर 'तिमोर' असे नाव लिहिलेले नसते. प्याद्याला गाव नसते. ज्या खेळाला इतिहासाच्या नावावर खपायचे आहे, त्याने इतिहासाची जबाबदारीही घेतली पाहिजे. तोफेची जाडी आणि रणगाड्याचा वेग अचूक असावा म्हणून हे लोक अभिलेखागारे धुंडाळतात. मग माणसाच्या इच्छेच्या बाबतीतच एवढा आळस का? याचे कारण उघड आहे. हे खेळ प्रायः त्या देशांत घडतात, ज्यांच्या पूर्वजांनी नकाशे आखले. ज्यांच्यावर नकाशे आखले गेले त्यांच्या घरांत हे खेळ केवळ विकले जातात.

म्हणून बंदी घाला, अशी मागणी मी करणार नाही. बंदी हे दुबळ्या सरकारांचे आणि आळशी पुढाऱ्यांचे शस्त्र आहे. या खेळांत पुष्कळ चांगलेही आहे. मुले नकाशा वाचायला शिकतात, रसद आणि रस्ते यांचे महत्त्व जाणतात, काही खेळांत गुलाम देशाला स्वतंत्र करण्याची वाटही ठेवलेली असते. मागणी आहे ती नियम बदलण्याची. वसाहतीला 'तटस्थ' म्हणू नका, 'आधीच व्यापलेली' म्हणा. तिच्या लोकांना पटावर स्वतंत्र खेळाडूचे स्थान द्या, मग ते आपला डाव खेळतील. आणि आपल्याकडच्या संगणक शिकलेल्या तरुणांनी हे काम इतरांवर सोडू नये. दमण, नगरहवेली आणि तलासरी यांच्यावर खेळ रचायला स्वीडनमधून कोणी येणार नाही.

हा प्रश्न जुन्या युद्धापुरता असता तर या पानावर इतकी जागा मी मागितली नसती. माणसे वगळलेला नकाशा आमच्या किनाऱ्यावर आजही वावरतो. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. नकाशावर तिथे प्रकल्पाची हद्द दिसते, गाव दिसत नाही. वाढवणच्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. मच्छीमारांनी वर्षानुवर्षे विरोध केला, मोर्चे काढले, समुद्रात होड्या उभ्या केल्या. देशाला बंदर हवे की नको यावर मतभेद असू शकतात. पण ज्याचे जाळे त्या पाण्यात पडते त्याला आधी विचारायचे की निर्णय झाल्यावर भरपाईचा दर सांगायचा, यावर समाजवाद्यांत मतभेद असण्याचे कारण नाही. खोलीच्या पडद्यावर ज्याला टक्क्यांत विरोध मोजण्याची सवय लागली, तो उद्या कचेरीतल्या खुर्चीवर बसला की तसाच मोजणार.

शेजाऱ्याच्या त्या मुलाला मी गोव्याची, तिमोरची आणि झरीची हकिगत सांगितली. त्याने ऐकून घेतली, मग म्हणाला, "पण काका, खेळात त्यांना विचारायचं बटणच नाही." मुलगा खरे बोलला. ते बटण आजवर कोणत्याही साम्राज्याने आपण होऊन बसवलेले नाही. मडगावात, दिलीत, झरीत आणि पालघरच्या रस्त्यावर ते लोकांनी स्वतः, किंमत मोजून बसवले. जिथे ते अजून बसलेले नाही तिथे बसवणे हे आपले काम आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या मुलांच्या नकाशापासून करायला हरकत नाही.